इस्त्री, एक लूज स्क्रू आणि जॉर्ज ओहम

गेल्या सेमिस्टरच्या ओरलच्या आदल्या रात्रीची गोष्ट. सकाळी एक्स्टर्नलसमोर उभं राहायचं होतं आणि एकमेव बरा शर्ट पिळून ठेवल्यासारखा चुरगळला होता. रूममधल्या एक्स्टेंशन बोर्डात इस्त्री लावली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, इस्त्री थंडगार. आता मी पडलो इलेक्ट्रिकलचा, त्यामुळे दोन्ही रूम पार्टनर माझ्याकडे मोठ्या आशेने बघायला लागले. मी टेस्टर काढला, सॉकेटच्या भोकात घातला, टेस्टर लागला. म्हणजे फेज आहे. मग प्रोजेक्टसाठी आणलेला मल्टिमीटर लावला. २३० व्होल्ट! म्हणजे सप्लाय एकदम ओके. मी निकाल जाहीर केला, इस्त्रीचं एलिमेंट गेलं. त्या रात्री इस्त्री उघडली, स्क्रू गादीवर सांडले, एक सापडलाच नाही, आणि ओरल चुरगळलेल्या शर्टातच झाली.

दुसऱ्या दिवशी इस्त्री दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदाराने ती नुसती त्याच्या बोर्डात लावली आणि थोड्या वेळाने वर पाणी शिंपडून दाखवलं. चर्र! इस्त्री ठणठणीत होती. परत आल्यावर वायरमन काकांना आमचा बोर्ड दाखवला. त्यांच्याकडे मीटर नव्हताच. होल्डरला लावलेला जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच त्यांचं हत्यार. त्या वायरी त्यांनी त्याच सॉकेटला लावल्या. माझा मीटर जिथे २३० दाखवत होता, तिथे बल्ब मात्र ढिम्म. काकांनी बोर्डाची पिन भिंतीतून काढली, बोर्ड उघडला आणि न्यूट्रलचा स्क्रू दाखवला. स्क्रू लूज, वायरीचं टोक काळं पडलेलं, भोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. दोन मिनिटांचं काम. जाता जाता काकांनी विचारलं, की इस्त्री करताना जळका वास येत नव्हता का. येत होता. महिनाभर येत होता. बोर्ड गादीला टेकून ठेवलेला असायचा, आणि वास शेजारच्या रूममधून येतोय असं आम्ही सरळ धरून चाललो होतो.

वासाची भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज. व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स म्हणजे करंट, हे मी दहावीपासून लिहीत आलोय. त्यावर मार्क मिळवलेत, जर्नलं भरलीत. मग मीटरने मला फसवलं कसं? हा प्रश्न घेऊन मी लायब्ररीत गेलो, आणि ज्याच्या नावाने आपण तो नियम घोकतो त्या माणसाविषयीच वाचत बसलो. वाचताना कळलं, की माझ्या बोर्डात जो घोटाळा झाला त्याच जातीच्या घोटाळ्याशी हा माणूस सुमारे २०० वर्षांपूर्वी झगडला होता. त्यातून त्याने वाट काढली म्हणूनच तो नियम आपल्यापर्यंत आला. त्याचीच ही गोष्ट.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील योहान वोल्फगांग हे कुलूपं बनवणारे कारागीर, आई शिंप्याची मुलगी. सात मुलांपैकी तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांचं शाळेतलं शिक्षण बेताचंच, पण त्यांनी स्वतः पुस्तकं वाचून गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आत्मसात केलं होतं. दिवसभर कानस चालवायची आणि मग जॉर्ज आणि धाकट्या मार्टिनला शिकवायला बसायचं, असा त्यांचा खाक्या. शाळेपेक्षा हे घरचं शिक्षण सरस होतं. लांग्सडोर्फ नावाच्या प्राध्यापकांनी या दोन पोरांची परीक्षा घेतली तेव्हा त्यांना बर्नुली घराण्याची आठवण झाली. फ्लुइड मेकॅनिक्समधला आपला बर्नुली ज्या घराण्यातला, तेच हे घराणं. पुढे मार्टिनही नावाजलेला गणिती झाला.

मुलगा एवढा हुशार, तर १८०५ मध्ये युनिव्हर्सिटीत गेल्यावर त्याने काय करावं? नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स. अभ्यास सोडून सगळं. वाचताना मला हा माणूस एकदम जवळचा वाटायला लागला. पण त्याच्या वडिलांना तसं वाटलं नाही. पोटाला चिमटा काढून पाठवलेला पोरगा वेळ वाया घालवतोय म्हटल्यावर त्यांनी तीन सेमिस्टरनंतर त्याचं कॉलेज बंद केलं. सतराव्या वर्षी जॉर्ज स्वित्झर्लंडमधल्या गोटश्टाट इथे एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून रुजू झाला. तिथे त्याचे डोळे उघडले. लांग्सडोर्फ यांच्यामागे हायडेलबर्गला जाऊन शिकावं असं त्याला वाटत होतं, पण त्यांनीच सल्ला दिला की क्लास शोधत फिरू नकोस, ऑयलर, लाप्लास, लाक्रुआ यांची पुस्तकं स्वतः वाच. त्याने ती वाचली. शिकवण्या करत, रात्री अभ्यास करत तो १८११ मध्ये एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली.

डॉक्टरेट झाली पण नोकरीचं रडगाणं सुरूच. एर्लांगेनला तीन सेमिस्टर शिकवलं, त्यात भागेना. १८१३ मध्ये बांबेर्गच्या एका सुमार शाळेत लागला, १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली. मग गर्दीने भरलेल्या दुसऱ्या शाळेत मदतनीस. या वैतागातही त्याने भूमिती शिकवायची कशी यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्याची प्रत प्रशियाच्या राजाकडे पाठवली. ते पुस्तक उपयोगी पडलं. १८१७ मध्ये कोलोनच्या जुन्या जेझुइट शाळेत त्याला गणित आणि फिजिक्स शिकवण्याची जागा मिळाली. तिथे फिजिक्सची चांगली लॅब होती. त्याच शाळेत त्याच्या हाताखाली एक मुलगा शिकून गेला, त्याचं नाव डिरिक्ले. फूरिये सिरीजच्या चॅप्टरमध्ये आपण ज्या डिरिक्ले कंडिशन्स पाठ करतो, तोच हा. एम-थ्रीची केटी लागलेल्यांनी दोघांवरचा राग एकदमच काढून घ्यावा.

१८२० मध्ये ओर्स्टेडला दिसलं की करंट वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. सगळ्या युरोपात एकच धांदल उडाली. आता करंट किती हे सुईवरून ओळखता येणार होतं. ओहमनेही शाळेच्या लॅबमध्ये काम सुरू केलं. लोहाराच्या घरात वाढावं तशी त्याची वाढ कुलूपवाल्याच्या घरात झालेली, त्यामुळे उपकरणं स्वतःच्या हाताने बनवायची त्याला सवय होती. त्याचा प्रश्न साधा होता. तार लांब केली की सुई कमी वळते. पण नेमकी किती कमी? यामागे काही हिशोब आहे का?

लक्षात घ्या, तेव्हा व्होल्टेज आणि करंट यात फरक करायची पद्धत नव्हती. रेझिस्टन्सचं युनिट नव्हतं. दुकानात मिळणारा मीटर तर सोडूनच द्या. ओहमने व्होल्टाच्या पद्धतीची बॅटरी घेतली, वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडल्या, सुईचे आकडे घेतले आणि १८२५ मध्ये एक फॉर्म्युला छापून मोकळा झाला. त्यात लॉगॅरिदम होता. तो फॉर्म्युला चुकीचा होता.

चूक कुठे होती? गणितात नव्हती. चूक सप्लायमध्ये होती. त्या काळच्या बॅटरीचं वागणं आपल्या संपत आलेल्या सेलसारखं असायचं. सर्किट जोडलं की आधी उसळी, मग झरझर उतार. सर्किट तोडून थोडा वेळ ठेवलं की पुन्हा ताजीतवानी. म्हणजे ओहम एक तार काढून दुसरी लावायचा तेवढ्यात बॅटरीच बदललेली असायची. सुईतला फरक तारेमुळे आला की बॅटरीमुळे, हे कळायला मार्ग नव्हता. ज्याच्यावर विश्वास ठेवून बाकी सगळं मोजायचं, तेच डळमळीत.

इथे पोगेंडोर्फ नावाच्या संपादकाने त्याला मोलाचा सल्ला दिला. बॅटरी सोड आणि थर्मोकपल घे. सीबेकने १८२१ मध्ये दाखवलं होतं की दोन वेगळे धातू जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला की करंट वाहतो. यातून मिळणारी शक्ती अगदी क्षुल्लक, पण स्थिर. ओहमने बिस्मथचा दांडा आणि तांब्याच्या पट्ट्या घेऊन थर्मोकपल बनवलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ शिल्लक आहे तोवर दोन्हीकडचं तापमान हलत नाही, म्हणजे सप्लायही हलत नाही. करंट मोजायला एका बारीक पट्टीला टांगलेली चुंबकसुई. सुई वळली की वरून पट्टीला पीळ देऊन ती पुन्हा जागेवर आणायची आणि किती पीळ लागला ते वाचायचं. हे उपकरण बनवताना कुलूपवाल्या बापाची शिकवणी किती कामी आली असेल याची कल्पना करा.

मग त्याने सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. ८ जानेवारी १८२६ च्या त्याच्या रीडिंगमध्ये २ इंचाच्या तारेला ३२६.७५, ४ इंचाच्या तारेला ३००.७५, आणि १३० इंचाच्या तारेला ४८.५ असे आकडे आहेत. आता गंमत पाहा. तार दुप्पट केली, २ ची ४ इंच केली, तर करंट निम्मा व्हायला हवा ना? तो ३२७ वरून जेमतेम ३०१ वर आला. आपण प्रॅक्टिकलला असं रीडिंग आलं असतं तर शेजारच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवून घेतलं असतं. ओहमने ते तसंच ठेवलं आणि विचार केला. त्याच्या लक्षात आलं की करंट फक्त बाहेरच्या तारेतून जात नाही. तो थर्मोकपलमधून, जोडण्यांमधून, सगळ्या वाटेतून फिरून येतो. त्या बाकीच्या वाटेचाही अडथळा आहेच.

म्हणून त्याचा फॉर्म्युला असा निघाला: करंट म्हणजे ए भागिले बी अधिक एक्स. एक्स म्हणजे बाहेर लावलेली तार. ए म्हणजे सप्लायचा जोर. आणि बी म्हणजे बाकी सगळ्या वाटेचा मिळून अडथळा. त्या दिवशीच्या आकड्यांना ए ७२८५ आणि बी २०.२५ बसतात. कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा, २ इंचाला ३२७.४, ४ इंचाला ३००.४, १३० इंचाला ४८.५. उघड्या हातांनी बनवलेल्या उपकरणावर इतकं जुळलेलं रीडिंग! म्हणजे त्याचं थर्मोकपल आणि जोडण्या मिळून अशा तारेच्या सव्वावीस इंचांइतक्या अडवत होत्या. पुढे त्याने दोन सांध्यांच्या तापमानातला फरक कमी करून पाहिलं. ए बदलला, बी तोच राहिला. जोर वेगळा, अडथळा वेगळा, आणि दोघांमधून ठरतो तो करंट वेगळा. तीन गोष्टी पहिल्यांदा एकमेकींपासून सुट्या झाल्या.

पुस्तकात आपण हा बी बहुतेक वेळा सोडून देतो. गणितात लिहिलेलं असतं की सप्लाय आयडियल माना, वायरचा रेझिस्टन्स शून्य माना. आपण मानतो आणि मार्क घेतो. हॉस्टेलचा बोर्ड मात्र काहीही मानत नाही. माझ्या बोर्डातला तो लूज स्क्रू म्हणजे ओहमचा बी.

हिशोब करू. माझी इस्त्री १००० वॉटची. २३० व्होल्टला तिचा रेझिस्टन्स सुमारे ५३ ओहम. समजा लूज स्क्रूपाशी सुरुवातीला २ ओहम अडथळा तयार झाला. एकूण ५५ ओहम, करंट ४.१८ अँपिअर. इस्त्रीला मिळाले सुमारे २२२ व्होल्ट, पॉवर सुमारे ९२७ वॉट. इस्त्री जरा हळू तापेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण त्या स्क्रूपाशी किती उष्णता? करंटचा वर्ग गुणिले २, म्हणजे ३५ वॉट. वर्कशॉपमधली सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते! म्हणजे गादीला टेकलेल्या बोर्डाच्या आत, वाटाण्याएवढ्या जागेत, आम्ही सोल्डरिंग आयर्नपेक्षा गरम वस्तू चालू ठेवून शर्टाच्या घड्या घालत होतो. आणि एमसीबी पडेल या भरवशावर कुणी राहू नये. एमसीबी करंट वाढला तर पडतो. इथे करंट नेहमीपेक्षा कमीच झाला होता.

मग वितळलेलं प्लास्टिक आणि काजळी मध्ये आली की अडथळा वाढत जातो. समजा तो १० किलोओहम झाला. आता इस्त्री लावली तर करंट २३ मिलिअँपिअर, इस्त्रीच्या वाट्याला जेमतेम सव्वा व्होल्ट. इस्त्री थंड. तीच पिन काढून मीटर लावला तर? बऱ्याच डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहमच्या घरात असतो. त्याच्यापुढे १० किलोओहम म्हणजे किस झाड की पत्ती. मीटर दाखवणार २२९.८. टेस्टरला तर त्याहून नगण्य करंट पुरतो. करंट वाहतच नसेल तर अडथळ्यावर व्होल्टेज पडत नाही, आणि व्होल्टेज पडलं नाही तर अडथळा दिसत नाही. मीटर खोटं बोलला नाही, मीच त्याला चुकीच्या वेळी प्रश्न विचारला. काकांचा बल्ब करंट मागतो, म्हणून त्याला खरं उत्तर मिळालं. काका त्यासाठी जुना फिलामेंटचा बल्ब सांभाळून आहेत, कारण एलईडी अगदी थोड्या करंटवरही मिणमिणतो आणि फसवतो.

एकदा हे डोक्यात बसलं की घरातले बरेच घोटाळे एकाच कुटुंबातले वाटायला लागतात. रिमोटचे सेल मीटरवर १.४ व्होल्ट दाखवतात पण रिमोट चालत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी नुसती मोजली तर छान, पंखा लावला की बसते. सगळीकडे बी वाढलेला आहे, आणि तो लोड लावल्याशिवाय दिसत नाही. मल्टिमीटरच्या बीपवरही फार विसंबू नका. बरेच मीटर दहा-वीस ओहम असले तरी खुशाल वाजतात, आणि आग लावायला दोन ओहम पुरतात. म्हणून काही चालेनासं झालं की उघडण्याआधी अदलाबदल करा. तीच वस्तू दुसऱ्या चांगल्या सॉकेटला लावा आणि दुसरी वस्तू या सॉकेटला. माझा एक स्क्रू आणि एक रात्र वाचली असती. टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत लागला तर बहुधा न्यूट्रल तुटलेला असतो. वस्तू बंद आहे म्हणून आत वीज नाही असं समजून हात घालू नका. आणि पुढचं काम, म्हणजे बोर्ड उघडणं, पिन भिंतीतून काढल्यावरच. चालू सप्लायवरचं मोजमाप काकांवर सोडा. मीटर ओहमवर ठेवून चालू सॉकेटमध्ये घालण्याचा पराक्रम तर कुणीच करू नका.

असो. आपला नायक १८२६ मध्ये राहिला. इतकं सुरेख काम हातात आल्यावर त्याला वाटलं की आता युनिव्हर्सिटीत प्राध्यापकी मिळेल. अर्ध्या पगारावर रजा घेऊन तो बर्लिनला मार्टिनकडे गेला आणि १८२७ मध्ये त्याचं गॅल्व्हॅनिक सर्किटवरचं पुस्तक निघालं. फूरियेने उष्णता धातूतून कशी वाहते याचं गणित १८२२ मध्ये मांडलं होतं, त्याच धर्तीवर ओहमने विजेचं मांडलं. पुस्तकाचं स्वागत थंड झालं. फिजिक्सवाल्यांना त्यात गणित जास्त वाटलं. पोल नावाच्या बर्लिनच्या अभ्यासकाने तर झोडपून काढणारं परीक्षण लिहिलं. ज्या शिक्षण खात्याकडून नेमणूक यायची तिथेही त्याची डाळ शिजली नाही. १८२८ मध्ये ओहमने कोलोनची नोकरी सोडली. वय ३९. लग्न झालेलं नव्हतं, पुढेही झालं नाही. ज्या माणसाचा नियम आज जगातल्या प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लिहिलेला असतो, तो बर्लिनच्या लष्करी शाळेत आठवड्याला काही तास गणित शिकवून दिवस काढत होता. त्याच्या हातून लॅब सुटली ती अशी, की सर्वांत चांगल्या वयातली पाच-सहा वर्षं प्रयोगाविना गेली.

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला प्राध्यापकी मिळाली. हव्या होत्या त्या युनिव्हर्सिटीची नव्हे, पण स्थिर. इकडे हळूहळू दुसऱ्यांनी त्याचा नियम तपासायला सुरुवात केली होती. लाइपझिगच्या फेकनरने १८३१ मध्ये प्रयोगांनी तो पक्का केला. रशियात लेंझ तो वापरू लागला. वादविवादाने जे झालं नाही ते कामाने झालं. १८४१ मध्ये पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर निघालं, आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहमला कोप्ली पदक दिलं. योगायोग असा की तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे सांगणारा जूलचा लेखही १८४१ चाच. माझ्या स्क्रूचे ३५ वॉट काढायला मला दोघंही लागले.

इंग्लंडला या नियमाची एवढी गरज का पडली, याचंही कारण आहे. तिथे टेलिग्राफ आला होता. व्हीटस्टनने १८४३ मध्ये ओहमच्या पद्धतीचा मोठा पुरस्कार केला. पुढे समुद्रातून केबली टाकायला लागल्यावर तर ओहमशिवाय पान हलेना. केबल समुद्रात कुठेतरी बिघडली तर शोधायची कशी? मैलाला किती रेझिस्टन्स हे माहीत असेल तर किनाऱ्यावर बसून मोजायचं आणि हिशोबाने बिघाड किती मैलांवर आहे ते सांगायचं. मग जहाज तिथेच जाऊन केबल वर ओढायचं. एका शाळामास्तराने बर्फ आणि उकळतं पाणी घेऊन काढलेला हिशोब आता समुद्राच्या तळाशी फॉल्ट शोधत होता. १८६१ मध्ये ब्राइट आणि क्लार्क या केबलवाल्या इंजिनीयरांनीच विजेच्या युनिटांना शास्त्रज्ञांची नावं द्यावीत असं सुचवलं, आणि त्यात ओहमचं नाव होतं.

आणखी एक नाव सांगितलं पाहिजे. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशला हाच नियम १७८१ मध्ये, म्हणजे ओहमच्या जन्माच्याही आठ वर्षं आधी, सापडलेला होता. त्याच्याकडे करंट मोजायचं उपकरण नव्हतं, म्हणून स्वतःच्या हाताला किती झटका बसतो यावरून तो अंदाज करायचा. (हा प्रयोग हॉस्टेलमध्ये करू नये.) पण त्याने ते छापलंच नाही. कागद पेटीत राहिले आणि १८७९ मध्ये मॅक्सवेलने ते प्रसिद्ध केले. ओहमने मात्र चूक झाली तीही छापली, दुरुस्त झालं तेही छापलं, आणि त्याची किंमतही मोजली.

ओहमला हवी असलेली जागा शेवटी मिळाली. १८४९ मध्ये तो म्युनिकला गेला आणि १८५२ मध्ये तिथल्या युनिव्हर्सिटीत फिजिक्सचा प्राध्यापक झाला. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. ती खुर्ची त्याला दोनच वर्षं लाभली. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्येच तो वारला. १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या विजेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रेझिस्टन्सच्या युनिटला ओहम हे नाव कायम केलं. व्होल्ट आणि अँपिअर ही नावंही तिथलीच. ज्याने तिघांचं नातं सांगितलं, त्याचं नाव अडथळ्याला मिळालं. त्याचं आयुष्य बघता ते शोभून दिसतं, असं मला तरी वाटतं.

मला या सगळ्यातून जे मिळालं ते सांगून थांबतो. ओहम १८२५ मध्ये चुकला कारण त्याने सप्लायवर विश्वास ठेवला. मीही चुकलो कारण मीटरवर २३० दिसल्यावर मी सप्लायकडे बघणंच सोडलं. फरक एवढाच की त्याने दुसऱ्या वर्षी सप्लायपासून पुन्हा सुरुवात केली, आणि मी इस्त्री उघडत बसलो. आमच्या रूमचा बोर्ड आता नवा आहे, गादीपासून लांब आहे, आणि जुन्या बोर्डाचा तो काळा स्क्रू मी कंपास बॉक्समध्ये ठेवलाय.

तुम्हीही आज एक करा. इस्त्री किंवा केटल वापरून झाली की स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिनेजवळचं प्लास्टिक हाताला कसं लागतं ते बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, किंवा डाग दिसला, तर तो बोर्ड वापरू नका, काकांना बोलवा. आणि जळका वास आला तर तो शेजारच्या रूमवर ढकलू नका.